यंत्राचं सोवळं

खांबेटेबुवांनी माझ्यापुढे नारळ धरला. नारळावर हळदकुंकू, आणि शेंडीपाशी अडकवलेला एक निळा पेन ड्राइव्ह.

"कालचं कीर्तन एवढं यात घालून द्या, कुंदाताई. गाडीवाला बाहेर खोळंबलाय. पाचला कराडात उभं राहायचंय मला."

मी पदर पुढे करून नारळ घेतला. पेन ड्राइव्ह घेतला. दोन्ही कपाळाला लावले. आणि कोठीच्या खोलीत जाऊन तो पेन ड्राइव्ह तसाच्या तसा मंदिराच्या संगणकाला लावला.

त्याला आता नऊ वर्षं झाली. शुक्रवार होता, दुपारचा पाऊण वाजत आला होता.

भिलवडीच्या आमच्या दत्तमंदिरातला तो संगणक माझ्या ताब्यात असायचा. मी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या. चार माणसांपुढे उभं राहून बोलायची वेळ कधी आली नाही आणि यावी असंही वाटलं नाही. मला ऐकायचं वेड. दहा कोसांत कुठे कीर्तन आहे म्हटलं की एस.टी.त बसायचं, पहिल्या रांगेतली जागा धरायची आणि कपाळाला बुक्का लावून घरी यायचं, की पुढचे आठ दिवस सुखाचे.

त्यात आठल्येबुवा आमच्या गावचे. पन्नास वर्षं त्यांनी आमच्या सभामंडपात कीर्तन केलं आणि एक ओळ लिहून ठेवली नाही. कुणी म्हटलं, बुवा, वहीत उतरवा, तर म्हणायचे, "वहीतलं कीर्तन म्हणजे फोटोतली पुरणपोळी." मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. पूर्ण गेला, कुजबुजही नाही. राहिल्या त्या एकशे त्रेचाळीस कॅसेटा, बऱ्याचशा बुरशी धरलेल्या. त्या एकेक करून मी संगणकात उतरवत होते. रोज संध्याकाळी सहाला बुवा काठी टेकत यायचे, मांडीवर पाटी घेऊन बसायचे आणि आपलंच एक कीर्तन ऐकून घरी जायचे.

सुरुवातीला उतरवताना मधेच 'टक्' व्हायचं आणि तान तुटायची. बाजारात संगणक दुरुस्त करणारा फिरोज मुलाणी येऊन तासभर कान देऊन बसला.

"ताई, हा तुमचा व्हायरसचा राखणदार आहे ना, तो येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचे खिसे तपासतोय. अन् मशीन म्हातारं. बुवांचं ऐकू का खिसे तपासू, दम लागतोय त्याला."

"मग?"

"राखणदाराला घरी पाठवू या. पण मग तुम्हाला नियमानं राहायला लागंल."

त्याने नेटची वायर काढून खिशातच घातली. मला रोजच्या कामाला एक साधं खातं करून दिलं, ज्यातून नवं काही बसवताच येत नव्हतं. प्रत्येक नावाचं शेपूट, टिंबापुढची अक्षरं, दिसेल असं करून ठेवलं. "फोल्डरला शेपूट नसतं. शेपूट दिसलं की ते फोल्डर नव्हे, सोंग आहे." एक बाहेरची डिस्क दिली. तिच्यावर सगळ्याची प्रत करायची आणि लगेच काढून कपाटात ठेवायची, लावून ठेवायची नाही. आणि बाहेरचा कुठलाही पेन ड्राइव्ह आधी त्याच्या दुकानात आणायचा. तिथे तपासायला त्याचं वेगळं मशीन होतं; ते बिघडलं तरी पुसून पुन्हा उभं करता येई.

"हे सोवळंच झालं की रे," मी म्हणाले.

"मला वाटलंच, तुम्हाला चटकन कळंल. धुतल्याबिगर आत काही न्यायचं नाही. फरक एवढाच, तुमच्या सोवळ्यात माणूस बघत्यात. ह्यात माणूस बघायचा नाही. कलेक्टर आला तरी त्याचा पेन ड्राइव्ह ओवळा."

दोन वर्षं मी ते काटेकोर पाळलं. मंदिराच्या अध्यक्षांचा पेन ड्राइव्हसुद्धा मी फिरोजकडे पाठवला होता, आणि ते महिनाभर माझ्याशी तुटक वागले होते.

पण कीर्तनकाराचं काय करायचं, याचा विचार मी कधी केलाच नव्हता. उत्सवात जे बुवा येतात त्यांच्या आम्ही पाया पडतो, त्यांच्या हातचा नारळ म्हणजे प्रसाद. "थांबा, हे आधी तपासून आणते," हे शब्द माझ्या जिभेपर्यंत आले होते. फिरोज शुक्रवारचा, नमाजाला गेलेला. दोनशिवाय दुकान उघडत नव्हतं. बाहेर हॉर्न वाजला. आणि नारदाच्या गादीवर उभ्या राहणाऱ्या माणसाला, तुमची वस्तू ओवळी आहे, असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार होते?

पेन ड्राइव्ह उघडला. आत एकच पिवळं फोल्डर होतं, नाव 'कीर्तन'. त्यातच कालचं घालून द्यावं म्हणून मी दोनदा टिचकी मारली. टिचकी मारताना डोळ्यांना दिसलं होतं. नावाच्या पुढे टिंब होतं आणि टिंबाच्या पुढे तीन इंग्रजी अक्षरं.

काहीच उघडलं नाही.

"झालं का?" खांबेटेबुवा दारात उभे राहून उपरणं नीट करत होते.

"होतंय."

संगणकाचा पंखा जोरात घुमायला लागला. मी पुन्हा टिचकी मारली नाही, देवाची कृपा. पण मागच्या खिडकीत आठल्येबुवांच्या कीर्तनांची यादी उघडी होती, आणि तिच्यातलं पहिलं नाव माझ्या डोळ्यांदेखत बदललं. चित्र पांढरं झालं, नावाला लांबलचक शेपूट फुटलं. मग दुसरं. मग तिसरं.

यादी मी आख्यानांच्या नावांनी, अकारविल्हे लावलेली. अ संपत होता.

"कुंदाताई, चेहरा का असा झाला तुमचा?"

फिरोजने एकदा सांगितलं होतं, काही विचित्र दिसलं तर विचार करायचा नाही, माउसला हात लावायचा नाही, वीज तोडायची. मी भिंतीवरचं बटण बंद केलं.

खोलीत कर्कश पीं-पीं सुरू झालं. पडद्यावरची यादी तशीच पुढे सरकत होती. वीज गेली तरी रेकॉर्डिंग बंद पडू नये म्हणून मीच वर्गणी मागून घेतलेला बॅटरीचा डबा टेबलाखाली इमानाने काम करत होता. क संपला. ग आला.

मी टेबलाखाली शिरले. पन्नाशी उलटलेली बाई, नऊवारी नेसलेली, गुडघे फरशीवर. मागे वायरींचा गुंता आणि दोन वर्षांची जळमटं. कुठली काळी वायर? सगळ्याच काळ्या. एक ओढली, पडदा बंद झाला. फक्त पडदा. आता आत काय चाललंय तेही दिसेना, पंखा मात्र घुमतच होता. बुवा माझ्या शेजारी उकिडवे बसले होते.

"काय ओढायचंय, सांगा मला. ही का?"

"नाही, ती नको. ती जाड ओढा, संगणकाच्या पेटीला गेलीय ती."

आमचे दोघांचे हात एकदमच त्या वायरीवर पडले. ती ओढली आणि पंखा थांबला. बॅटरी ओरडतच राहिली.

बुवांनी फरशीवरच बसकण मारली. "मी काही केलं का?"

"तुमच्या पेन ड्राइव्हमधून आलं, बुवा. पण लावला मी."

त्यांनी उपरणं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "परवा त्याच्यावरून पुण्यात हँडबिलं छापून घेतली. त्या दुकानात दहा जणांचे पेन ड्राइव्ह येत असतील." आणि थोड्या वेळाने, "तुमच्याकडे प्रत आहे ना सगळ्याची?"

"आहे," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच एकादशी आठवली.

प्रत मी एकादशीला करायची. उपासाचा दिवस, मन शांत, डिस्क काढायची, पुसायची, लावायची, पुन्हा कपाटात ठेवायची. व्रतच घातलं होतं म्हणा ना. एकादशी परवा, रविवारी होती. शेवटच्या चार कॅसेटा मी याच आठवड्यात उतरवल्या होत्या. आणि काल गुरुवारी, दत्ताचा वार बघून, आम्ही सगळ्या एकशे त्रेचाळीस कॅसेटा कृष्णेत विसर्जन केल्या होत्या. जीर्ण पोथ्या करतात तशा. आठल्येबुवांचीच इच्छा होती. पाटीवर लिहून त्यांनी सांगितलं होतं, 'जीर्ण झालं ते नदीला.' खांबेटेबुवांच्या हातून पहिली कॅसेट सोडली, घाटावर आरती झाली. मी मनात म्हटलंही होतं, एकादशीनंतर करू या का? मग वाटलं, दोन दिवसांनी काय होतंय.

त्या चारांत 'नावाडी' होतं.

ते आख्यान आठल्येबुवांनी स्वतः रचलेलं. कुठल्या पुराणात नाही, दुसरं कुणी सांगत नाही. वर्षातून एकदाच, उत्सवात ते करायचे. कॅसेटही एकच होती.

हे सांगितल्यावर खांबेटेबुवा उठले. "मी थांबतो. आठल्येबुवांना मी सांगतो."

"कराडची माणसं खोळंबतील. जा तुम्ही."

"ताई, अहो मी त्यांच्या मुलाच्या वयाचा. त्यांचा आवाज होता तो."

"म्हणूनच मी सांगते. तुम्ही जा."

त्यांनी मला नमस्कार केला. कीर्तनकाराने श्रोत्याला नमस्कार केलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि मला तो अजिबात आवडला नाही.

फिरोज सव्वादोनला आला. टोपी अजून डोक्यावरच होती. सगळं ऐकून घेतलं, पेन ड्राइव्ह चिमटीत धरून प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकला.

"चालू नाही ना केलं परत?"

"नाही."

"हे एक ब्येस केलंत." त्याने पेटी उघडून आतली डिस्क काढली. "दुकानात नेऊन बघतो, माझ्या मशीनला जोडून. कॅसेटा काढा तुम्ही शेवटच्या चार. पुन्हा उतरवू."

"कॅसेटा नदीत सोडल्या काल."

त्याने माझ्याकडे बघितलं. "नदीत."

"विसर्जन केलं."

"प्लास्टिकच्या कॅसेटा. कृष्णेत." तो खुर्चीवर टेकला. "आता मासं ऐकत बसत्याली." मग माझं तोंड बघून हलक्या आवाजात म्हणाला, "राहू द्या. मी बघतो. सहाच्या आत येतो."

त्या तीन तासांत मी काय केलं ते मला आठवत नाही. सभामंडप दोनदा झाडला एवढं आठवतं. बुवांना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्यात खांबेटेबुवांचं नाव येत होतं. पेन ड्राइव्ह त्यांचा, घाई त्यांची, गाडी त्यांची. मग ते खोडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

साडेपाचला फिरोज आला. हातात लॅपटॉप, गळ्यात स्पीकरची वायर.

"पैसे मागणारी चिठ्ठी सोडलीय व्हायरसनं आत. भरायचं नाव काढू नका; भरले तरी फायली परत देतील ह्याचा काय भरवसा? आता ऐका. साठ गेली. त्यातली एकुणसाठ तुमच्या कपाटातल्या डिस्कवर धडधाकट आहेत, बघून आलो. शेवटच्या चारातली तीन यादीत खाली होती, तिथंवर ते पोचलंच नाही. वायर ओढलीत ना, तेव्हा ते 'न'वर होतं."

"नावाडी."

"बहुतेक सगळं खाल्लंय. डोक्याकडनं खात येतं ते, शेपटाकडचं राहिलं. लई खटपट केली, ताई. पावणेदोन तासांतली शेवटची अकरा मिनिटं निघाली."

मी हिशोब करत होते. अकरा मिनिटं म्हणजे नाव मधल्या धारेला लागते तिथून. त्याच्या आधीचं सगळं गेलं. पूर चढतो ते, बेटावर अडकलेली माणसं, भैरू नावाड्याच्या खेपा. बुवा वल्ह्याच्या ठेक्यावर एका दमात म्हणायचे तो कटाव.

बाहेर काठीचा आवाज आला.

बुवा नेहमीच्या जागी बसले, पाटी मांडीवर घेतली आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या: आज कोणतं?

मी त्यांच्यासमोर खाली बसले. जुळवलेली सगळी वाक्यं गेली. "बुवा, बाहेरचा पेन ड्राइव्ह मी न तपासता लावला. त्यातून रोग आला. बाकी सगळं वाचलंय. 'नावाडी' गेलं."

पेन्सिल हातातच राहिली. ऐंशी वर्षांचा तो माणूस, आणि त्याच्या गळ्यावरची ऑपरेशनची खूण हलत होती. आवाज असता तर काय बोलले असते कोण जाणे. मग पाटीवर लिहिलं: 'कॅसेट?'

"काल सोडली."

त्यांनी लिहिलं, 'विसर्जन मी सांगितलं.' पुसलं. पुन्हा लिहिलं: 'कुणाचा पेन ड्राइव्ह?'

"लावला मी, बुवा."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. तो प्रश्न पुसून टाकला आणि परत कधी विचारला नाही.

फिरोज म्हणाला, "बुवा, शेवटची अकरा मिनिटं आहेत. लावू?"

बुवांनी हात वर करून त्याला थांबवलं. पाटी माझ्यापुढे धरली. 'किती वेळा ऐकलंस?'

"आधी मंडपात वीसेक वर्षं. आता खरखर काढताना सात-आठ वेळा."

'उभी राहा.'

मला वाटलं, घालवून देताहेत. मी उभी राहिले. तर त्यांनी काठीने गादीची जागा दाखवली, सभामंडपाच्या मधोमध, समईच्या बाजूला.

"बुवा, काय सांगताय तुम्ही. मी प्रयोगशाळेत बाटल्या धुणारी बाई. मला चार माणसांत बोलता येत नाही."

ते लिहीत होते. 'दोनच आहेत.'

फिरोज हसला. बुवांनी पुढे लिहिलं: 'तू नाही तर कोण? फिरोज?'

"मला शेवटचं अकरा मिनिटंच येतंय, बुवा," फिरोज म्हणाला, आणि खिशातला मोबाइल काढून रेकॉर्डिंगला लावून माझ्यासमोर फरशीवर ठेवला. "हं ताई. नेट बंद केलंय."

मी डोळे मिटले. मिटल्यावर कानात बुवा ऐकू आले, वीस वर्षांपूर्वीचे, झांजेसकट. मी त्यांच्या मागून चालायला लागले.

"श्रावण सरता सरता कृष्णामाई रागावली, श्रोतेहो. बेटावरल्या देवाची जत्रा, चाळीस माणसं देवाची पालखी घेऊन बेटावर, आणि पाणी..."

खट्. बुवांनी काठी आपटली. पाटी: 'चाळीस नाही. एकेचाळीस.'

"एकेचाळीस माणसं. एकेचाळिसावी एक म्हातारी, डोकं फिरलेली, गावाला शिव्या घालत हिंडणारी. तिला कुणी मोजत नसे, म्हणून सगळे म्हणायचे, चाळीस."

हे मला आठवलं कसं? काठी थांबली.

मी सांगत गेले. कटावाला माझा श्वास पुरला नाही. तिसऱ्या ओळीला आवाज फाटला. बुवांनी बोटांनी पाटीवर ठेका धरला, धीमा केला, माझ्या दमाएवढा. "एक वल्हं पाण्याला, एक वल्हं नामाला, खेप चालली तीराला." दोन ठिकाणी मी चुकले, एकदा गाडीच अडकली. पुढचं काही केल्या येईना. बुवांनी ओठ हलवले. आवाज नव्हता, पण मी इतकी वर्षं पहिल्या रांगेत बसून त्यांचे ओठ पाहिले होते. 'रात्र होत आली,' असं ते म्हणत होते.

"रात्र होत आली. तीरावर चाळीस माणसं उतरली, आणि सगळी ओरडायला लागली, भैरू, देव राहिला, देव आण. भैरूच्या हातांना फोड आलेले. नाव परत बेटाला लागली तेव्हा बेट अंगणाएवढं उरलं होतं. त्यावर पालखी, आणि पालखीचा दांडा धरून बसलेली म्हातारी. नावेला भोक पडलेलं, ओझं एकाचंच झेपेल. श्रोतेहो, भैरूने हात जोडले. कुणाला जोडले ते अंधारात दिसलं नाही. त्याने म्हातारीला उचललं, नावेत ठेवलं. ती त्याला शिव्या देतेय, चावतेय. नाव मधल्या धारेला लागली. तीरावरची चाळीस माणसं छाती पिटताहेत, की भैरूने देवाला सोडलं, देव बेटावर राहिला..."

माझं तिथे संपलं. मी फिरोजकडे बघितलं. त्याने बटण दाबलं.

आधी खरखर. मग सगळा मंडप भरून आठल्येबुवांचा आवाज आला, भरदार, थोडा हसरा.

"राहिला? कुणी सांगितलं, राहिला?"

समोर बसलेल्या बुवांनी पेन्सिल खाली ठेवली, आणि त्यांचे ओठ त्या आवाजाबरोबर हलू लागले.